अंगावर चट्टे, हातात फाईल, आणि निदान अजून नाही

दुसऱ्या बायोप्सीचा (चट्ट्यातला छोटा तुकडा काढून तपासतात ती) रिपोर्ट अजून यायचाय. खूप दिवस मनात होतं यावर लिहायचं, पण दरवेळी वाटायचं आधी कळू दे नक्की काय आहे ते, मग लिहू. आता वाटतंय तसं नको. एकदा निदान झालं की मी त्या आजाराबद्दल लिहीन, त्याच्या औषधांबद्दल लिहीन, आणि हा जो मधला काळ आहे ना, अंगावर काहीतरी आहे हे सगळ्यांना दिसतंय पण ते काय आहे हे कोणालाच सांगता येत नाहीये, तो राहूनच जाईल. मी रात्र रात्र शोधलंय, सोरायसिसवर ढिगाने वाचायला मिळतं, एक्झिमावर मिळतं, पण "अजून कळलेलं नाही" अशा लोकांसाठी काही म्हणजे काही मिळत नाही, आणि आपण काही थोडेथोडके नसणार.

तर आधी काय झालंय ते. कमरेच्या डाव्या बाजूला एक चट्टा आला. लालसर तपकिरी, अंगठ्याच्या पेराएवढा, वरची कातडी कोरडी आणि बारीक सुरकुतलेली, कडेला थोडे खवले. मग दंडाच्या आतल्या बाजूला आला, मग मांड्यांवर, मग पाठीवर, जो मला दिसत नाही आणि नवरा मोबाईलवर फोटो काढून दाखवतो. काही चट्टे आपोआप फिके होतात, तिथे पुसट डाग राहतो, आणि जातायत वाटतं असं म्हणेपर्यंत दुसरीकडे नवीन उगवतात. खाज येते, दिवसा सोसवेल अशी, रात्री नको होते. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, भूक नीट लागते, कामं सगळी होतात. म्हणजे मी आजारी आहे का, तर तसं म्हणता येत नाही, आणि बरी आहे का, तर तसंही म्हणता येत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी एक चट्टा बघितला आणि लगेच सांगितलं, फंगल आहे, हे मलम लावा, जाईल. खरवडून तपासलं नाही, बाकी अंग बघितलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, कारण नाव मिळालं होतं ना. मलमाने लाली झटकन कमी झाली आणि थांबवल्यावर थोड्याच दिवसांत दुप्पट होऊन परत आली. नंतर कळलं की त्यात बुरशीच्या औषधाबरोबर एक कडक स्टेरॉइडही होतं. हे जरा नीट सांगते कारण हे फार जणांच्या बाबतीत होतं. स्टेरॉइड मलम त्वचेचा दाह दाबतं, दाह कशाने झालाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे एक्झिमा असो, सोरायसिस असो, चार दिवस बरं वाटतंच. खरंच बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरत राहते आणि तिची ती ओळखीची गोल, उठावदार कड पुसली जाते, डॉक्टर लोक याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात. आणि बुरशी नसेल तर जे काही मूळचं आहे त्याच्या खुणा झाकल्या जातात. दोन्हीकडून पुढच्या डॉक्टरचं काम अवघड. त्यांचा अंदाज चुकला याचा मला राग नाही, अंदाज कोणाचाही चुकतो. तो अंदाज आहे हे त्यांनी सांगितलंच नाही, याचा आहे.

आता ज्यांच्याकडे जाते त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत मलमाचं नावच काढलं नाही. आधी प्रश्न. गेल्या काही आठवड्यांत कुठलं नवीन औषध सुरू केलंत का, अगदी साधी दुखण्यावरची गोळी असली तरी सांगा (औषधाची रिअॅक्शन बहुतेक वेळा नवीन औषध सुरू केल्यावर ४ ते १४ दिवसांत दिसते, म्हणून त्या तारखा विचारतात). घरात आणखी कोणाला खाज येते का, कारण खरूज असेल तर पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला त्रास जाणवायलाच ४ ते ६ आठवडे जातात आणि तोवर ती घरभर झालेली असते. सांधे दुखतात का, तोंड येतं का, केस गळतात का, उन्हात गेल्यावर वाढतं का. मग नखं बघितली, त्यांच्यावर बारीक खड्डे आहेत का ते, डोक्याची त्वचा केसांत भांग पाडून पाडून बघितली, टॉर्च मारून गालाची आतली बाजू बघितली कारण लायकेन प्लेनस नावाच्या खाजऱ्या त्वचारोगात तिथे पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. मी कमरेचा चट्टा दाखवायला गेले होते आणि त्या माझ्या तोंडात बघत होत्या. पहिल्यांदाच वाटलं की कोणीतरी खरंच शोधतंय.

मग एक गोष्ट केली जी विसरणार नाही. मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची एक बारीक वात करून चट्ट्यावर टेकवली, म्हणाल्या जिथे लागेल तिथे बोट ठेवा. चट्ट्यावर, चट्ट्याच्या बाहेर, परत चट्ट्यावर, मधेच काहीच नाही. मी प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं. तपासून झाल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते, तुमची शाबूत आहे, आणि कोपराजवळची नसही जाड लागत नाहीये, तेव्हा ते डोक्यातून काढून टाका. मी ते विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस नव्हतं खरं तर. पण त्यांना माहीत होतं की हा विचार माणसाच्या मनात येऊन गेलेला असतो आणि तो घेऊन माणूस घरी जाऊ नये.

खरवडून काचपट्टीवर घेतलं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, त्याने त्वचेचं केराटिन विरघळतं आणि बुरशीचे धागे असले तर सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. नव्हते. खोलीत अंधार करून वुड्स लॅम्प मारला, १९०३ साली शोधलेला दिवा आहे तो आणि अजून वापरात आहे, काही जंतूंची लागण असेल तर त्याखाली जागा पोवळ्यासारखी लाल चमकते. चमकली नाही. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवून एकेका चट्ट्याकडे बराच वेळ बघितलं. आणि मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "मला आत्ता सांगता येणार नाही. तीन-चार गोष्टी डोक्यात आहेत, पण आज नाव दिलं तर ते मी उगाच दिलेलं नाव असेल."

त्या दिवशी बाहेर आल्यावर मला रडू आलं, हे खरं आहे. इतकं सगळं तपासून परत हेच. पण जसजसे दिवस गेले तसतसं मला ते वाक्य जास्त जास्त पटत गेलं, आणि आज मी कोणालाही सांगेन की जो डॉक्टर सगळं अंग तपासून "अजून सांगता येत नाही" म्हणतो आणि पुढे काय करायचं ते पण सांगतो, त्याला सोडू नका. दोन्ही पाहिजे हां, नुसतं "माहीत नाही, बघू" आणि पुढे काही नाही, तर मात्र दुसरीकडे जा.

इतकं अवघड का असतं हे मी विचारलं. त्यांनी जे समजावलं ते असं की त्वचेला व्यक्त व्हायचे मार्गच कमी आहेत. लाल होणार, सुजणार, खवले धरणार, फोड येणार, रंग बदलणार, जाड होणार, संपलं. आणि आजार शेकडो. आपल्याला दुःख झालं तरी डोळ्यांत पाणी येतं, आनंद झाला तरी येतं आणि कचरा गेला तरी येतं, नुसतं पाणी बघून काय सांगणार. लंडनमध्ये रॉबर्ट विलन नावाच्या डॉक्टरांनी १८०८ च्या सुमारास त्वचेच्या आजारांची मांडणी केली ती अशाच दिसण्यावरून, पुटकुळ्या, खवले, फोड, डाग वगैरे आठ गट पाडून, आणि आजही तपासणीची सुरुवात तिथूनच होते, की हे जे दिसतंय ते नेमकं काय आहे, उठावदार आहे की सपाट, कड स्पष्ट आहे की विरघळलेली. माझ्या फाईलवर पहिल्या पानावर बाईंनी आजाराचं नाव लिहिलेलंच नाही, फक्त वर्णन लिहिलंय, चट्टा कसा, कुठे, किती, आणि खाली प्रश्नचिन्ह करून चार शक्यता.

मग बायोप्सी. जे घाबरून टाळतायत त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. आधी सगळी मलमं काही दिवस बंद ठेवायला सांगितली, म्हणजे त्वचा औषधाच्या प्रभावाखाली नसावी. टेबलवर आडवं केलं, मांडीवरच्या एका चट्ट्याभोवती पेनने गोल काढला, भुलीचं इंजेक्शन दिलं. ते टोचतं आणि औषध आत जाताना चांगलंच चुरचुरतं, खोटं कशाला सांगू, पण मिनिटाभरात जागा बधिर. पंच म्हणजे जाडसर पेनासारखं हत्यार, टोकाला गोल पातं, ४ मिलिमीटर व्यासाचं. ते त्वचेवर उभं धरून दाबून गोल गोल फिरवलं, मला नुसता दाब कळत होता. मग चिमट्याने अलगद उचलून खालून कात्रीने कापलं. मी बघायचं ठरवलं होतं. पांढरट गुलाबी एवढासा दंडगोल, वर माझ्या कातडीचा लालसर ठिपका आणि खाली पिवळी चरबी. फॉर्मलिनच्या छोट्या बाटलीत टाकला तर तो हळूहळू तळाशी गेला. दुसरा तुकडा वेगळ्या द्रावणात, कारण इम्युनोफ्लुरेसन्सच्या तपासणीला (त्वचेत अँटीबॉडी साठल्यात का ते चमकणाऱ्या रंगाने बघतात ती) फॉर्मलिन चालत नाही. टाके घातले, पट्टी लावली. सिस्टरनी बाटलीवरचं नाव आणि वय मला वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, मी हो म्हटलं. ते नाव मी पुन्हा एकदा स्वतः वाचलं, आता सगळं त्या बाटलीवर होतं.

रिपोर्टला वेळ लागतो म्हणून चिडचिड होते, पण तिकडे काय चालतं ते कळल्यावर माझी जरा कमी झाली. तो तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरावा लागतो, मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात, मग ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंग चढवतात, पेशींचं केंद्र जांभळं आणि बाकी गुलाबी दिसतं, आणि मग एक माणूस बसून ते बघतो. शंका आली की अजून काप, वेगळे रंग, बुरशीसाठी वेगळा, अमक्यासाठी तमका. साधारण आठवडा दोन आठवडे धरून चालायचं, आणि रिपोर्ट लांबला म्हणजे काहीतरी भयंकर निघालं असा अर्थ काढायचा नाही. हे मी रोज स्वतःला सांगायचे आणि तरी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.

पहिला रिपोर्ट आला. दाहाच्या पेशी वरच्या रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या, वरच्या थरात किंचित सूज, बुरशी नाही, इम्युनोफ्लुरेसन्स निगेटिव्ह. शेवटची ओळ, नॉन-स्पेसिफिक, क्लिनिकोपॅथॉलॉजिकल कोरिलेशन करावं. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट म्हणतायत रुग्णाला बघून ठरवा आणि रुग्णाला बघणारे म्हणत होते तुकडा बघून ठरवू. आई म्हणाली, "अगं मग चांगलंच की, वाईट काही नाही निघालं." तिचं चुकलं नव्हतं, पण मला त्या क्षणी वाईट काहीतरी निघालं असतं तरी चाललं असतं असं वाटून गेलं, आणि असं वाटलं याचीच जास्त भीती वाटली. ज्यांनी अशी वाट बघितलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. नाव पाहिजे असतं. कसलंही.

बाईंनी समजावलं की एका दिवशी, एका चट्ट्यातून, ४ मिमी एवढी जागा आपण बघितली. चट्टा नवीन असेल तर खुणा अजून तयार झालेल्या नसतात, फार जुना किंवा खाजवलेला असेल तर खाजवण्याच्याच खुणा जास्त दिसतात. पुन्हा घ्यावी लागणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आणि तेव्हा त्यांनी फाईलवरची चौथी शक्यता पण सांगितली (पहिल्या तीन म्हणजे एक्झिमा, सोरायसिस आणि लायकेन प्लेनस). मायकोसिस फंगॉइड्स. नावात फंगस असलं तरी बुरशीशी काही संबंध नाही, तो त्वचेतल्या टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा एक संथ लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, असतो, फ्रान्समध्ये अलिबेर नावाच्या डॉक्टरांनी १८०६ मध्ये पहिल्यांदा नोंदवलेला. सुरुवातीला हुबेहूब एक्झिमासारखा दिसतो, कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी येतो, आणि निदान व्हायला कित्येकदा वर्षं जातात, एकापेक्षा जास्त बायोप्सी लागतात. हे ऐकताना माझे कान गरम झाले होते. त्या म्हणाल्या, "शक्यता कमी वाटते, पण चट्टे बघता विचार करायलाच हवा, आणि तुम्हाला हे फाईलवर वाचून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर माणसं आपलं पूर्ण आयुष्य जगतात." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आईला नाही सांगितलं. अजूनही नाही. ताईला माहीत आहे.

मधे रक्ततपासण्या. सीबीसी, ईएसआर, साखर, थायरॉइड, व्हीडीआरएल (सिफिलिसचं पुरळ इतक्या आजारांची नक्कल करतं की ते सगळ्यांचंच तपासतात, यात लाजण्यासारखं काही नाही), आणि एएनए (शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी करतंय का ते बघणारी तपासणी). एएनए पॉझिटिव्ह आला, १:८०, म्हणजे रक्त ८० पट पातळ केलं तरी सापडला. झालं, ती रात्र मी ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, वाचत घालवली. सकाळी फोन केला तर म्हणाल्या की १:८० एवढा एएनए चांगल्या निरोगी माणसांतही साधारण १३ टक्के जणांना सापडतो, १:१६० सुद्धा ५ टक्के जणांना, बाकी लक्षणं नसताना त्या एका आकड्याला अर्थ नाही. तरी पुढच्या तपासण्या करून तो नीट वगळलाच. मला एवढंच म्हणायचंय की रिपोर्ट थेट मोबाईलवर येतात आजकाल, ठळक अक्षरात पॉझिटिव्ह लिहिलेलं येतं, आणि समजावणारं माणूस दुसऱ्या दिवशी भेटतं. ही मधली रात्र फार वाईट असते. जमलं तर रिपोर्ट डॉक्टरांसमोरच उघडा. मला नाही जमत, पण ज्यांना जमेल त्यांनी कराच.

रात्रीची खाज. यावर कोणी फार बोलत नाही पण माझं निम्मं आयुष्य सध्या त्यात गेलंय. १६६० साली हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्यांनी खाजेची व्याख्या केली होती, खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी जाणीव, आणि अजूनही डॉक्टर तीच व्याख्या सांगतात, साडेतीनशे वर्षांत कोणाला याहून नेमकं काही सुचलेलं नाही. संध्याकाळनंतर त्वचेचं तापमान वाढतं, दाह आटोक्यात ठेवणारं शरीराचं कॉर्टिसोल रात्री कमी असतं, आणि मन गुंतवायला काही नसतं, म्हणून रात्री वाढते. आणि खाजवून बरं वाटतं कारण त्या हलक्या वेदनेने खाजेचा संदेश क्षणभर दाबला जातो, मग त्वचा अजून चिडते, अजून खाज. शिवाय सोरायसिस, लायकेन प्लेनस अशा काही आजारांत जिथे ओरखडा पडेल तिथेच नवीन चट्टा येतो, याला केबनर फिनॉमिनन म्हणतात, म्हणजे मी खाजवलं तर आजार कुठला ते ओळखणं पण अवघड होणार. नखं एकदम बारीक कापलीयेत. अंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट, अंग टिपून ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. खाज अनावर झाली की थंड पाण्यात पिळलेलं फडकं ठेवून तळहाताने दाबून धरायचं, खाजवायचं नाही. होतं का नेहमी, नाही होत, झोपेत हात जातोच. पण नाव कळेपर्यंत खाजेवर काही करायचंच नाही असं नसतं, हे मला बाईंनी ठणकावून सांगितलं. खाजेचा इलाज वेगळा मागून घ्या. "निदान झाल्यावर बघू" हे उत्तर रात्री दोन वाजता उपयोगी नाही.

लोकांचं सांगू का. ज्यांना काही सांगता येत नाही त्यांच्यासमोर सगळे सांगायला लागतात. रक्त बिघडलंय, उष्णता आहे, पोट साफ नाही, हे खाणं बंद कर, ते खाणं सुरू कर, माझ्या नणंदेला अस्संच झालं होतं. प्रेमानेच सांगतात, मला माहितीये. सगळ्यात जास्त लागतं ते "टेन्शन घेतेस म्हणून होतंय". ताणाने खाज वाढते हे खरंच आहे, डॉक्टरही सांगतात, पण वाढणं वेगळं आणि त्यामुळे होणं वेगळं, आणि हे वाक्य ऐकलं की सगळा दोष अलगद माझ्या पदरात येऊन पडतो. आणि एकदा एका घरी बसले होते, बाही वर सरकली, समोरच्या बाईंनी आपल्या लेकराला हळूच जवळ ओढून घेतलं. काही बोलल्या नाहीत. मी पण नाही बोलले. काय बोलणार, "हे संसर्गजन्य नाहीये" असं छातीठोकपणे सांगायला मला तरी कुठे माहीत होतं तेव्हा काय आहे ते. आता किमान बुरशी नाही आणि खरूज नाही एवढं पक्कं आहे, त्यामुळे आता सांगते, स्पष्ट सांगते, आणि ताईच्या मुली माझ्या कुशीत झोपतात.

दवाखान्यात मला एक दहा प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला होता, डीएलक्यूआय, १९९४ मध्ये तयार झालेला, गेल्या आठवड्यात त्वचेमुळे कपडे निवडण्यावर परिणाम झाला का, कामावर झाला का, जवळच्या माणसांशी अडचण आली का वगैरे, ० ते ३० मध्ये गुण. मी खुणा करत गेले आणि बेरीज १० च्या वर गेली, म्हणजे परिणाम खूप मोठा धरतात. मला ते बघून विचित्र समाधान वाटलं. मी बाह्या झाकून फिरते, पोहायला जाणं सोडलंय, नवऱ्याने पाठीवर हात ठेवला की आखडते, हे सगळं कुठेतरी मोजलं जातंय, नुसतं "दिसायला बरं नाही वाटत म्हणून आलीये" असं नाही धरत. तुम्हाला दिला नसेल तर स्वतःहून सांगा डॉक्टरांना हे. चट्टे किती मोठे यापेक्षा त्यांनी तुमचं काय काय काढून घेतलंय ते.

वाट बघण्याच्या काळात हाताला काहीतरी काम असावं लागतं म्हणून मी फोटोंचं काम धरलंय. ठरावीक चट्टे, त्याच खिडकीशी, तेवढ्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून, तारीख घालून. एकदा बाईंच्या सांगण्यावरून नवीन चट्ट्याच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवली. पित्ताची गांध असती तर २४ तासांच्या आत त्या रेघेतून निघून गेली असती, माझा चट्टा आठवडाभर रेघेच्या आतच बसून होता, म्हणजे ती शक्यता गेली. एवढीशी गोष्ट, पण मला फार बरं वाटलं, कारण घरी बसून मी काहीतरी वगळलं होतं. भेटीच्या दिवशी चट्टे नेमके फिके पडलेले असतात, हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, तेव्हा हे फोटोच बोलतात. आणि मधे कोणी कितीही खात्रीचं म्हणून काही दिलं, पाला, तेल, मलम, लावत नाही. लावायचंच असेल तर विचारून आणि फाईलवर तारीख टाकून.

एक मात्र, वाट बघायची म्हणजे सगळ्याचीच बघायची असं नाही. ताप आणि सोबत जांभळे ठिपके जे काचेचा पेला दाबून धरला तरी फिके होत नाहीत, अंगावर फोड, तोंडात डोळ्यांत जखमा, कातडी दुखायला लागणं किंवा सुटून येणं, ओठ जीभ सुजणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल. बाईंनी मला हे फाईलच्या आतल्या बाजूला लिहून दिलंय आणि नवऱ्याला पण वाचायला लावलं.

तर आत्ता कुठे आहे मी. दुसरी बायोप्सी घेतली, यावेळी अशा चट्ट्यातून ज्याला मी कधीच काही लावलेलं नाही आणि खाजवलेलंही नाही. टाके निघालेत, जागा भरतेय. पॅथॉलॉजिस्टना यावेळी बाईंनी फोटो पण पाठवलेत, आणि गरज पडली तर पेशींवर वेगळे मार्कर (पेशी कुठल्या प्रकारच्या ते दाखवणारे) लावून बघतील. हाही रिपोर्ट काही बोलला नाही तर काही महिने थांबून परत बघायचं ठरलंय. त्या म्हणाल्या की काही आजार स्वतःहून ओळख देतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ मी तुमच्यावर नीट लक्ष ठेवून देणार आहे. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

तोवर उपचार थांबलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात नॅरोबँड यूव्हीबी सुरू होतंय, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, उभ्या पेटीत डोळ्यांना गॉगल लावून उभं राहायचं, पहिल्यांदा अगदी थोडे सेकंद, मग हळूहळू वाढवत, आठवड्यातून दोन-तीनदा. फाईलवर ज्या चार शक्यता आहेत, एक्झिमा, सोरायसिस, लायकेन प्लेनस आणि तो सुरुवातीचा लिम्फोमा, त्या चारही गोष्टींवर हा उपचार वापरतात, म्हणून नाव नसताना सुद्धा सुरू करता येतो. बायोप्सी आधी उरकली कारण प्रकाशाने त्वचेतल्या खुणा बदलतात, आणि ल्युपस आधी वगळला कारण त्यात हा प्रकाश उलटला असता. म्हणजे त्या सगळ्या क्रमाला अर्थ होता, मला मागे वळून बघताना कळतोय. पहिल्या सेशनच्या आधी सगळ्या चट्ट्यांचे फोटो नव्याने काढायचेत, पाठीचे नवऱ्याकडून, रविवारी सकाळचा उजेड चांगला असतो तेव्हा काढू.